सरोवराकाठचा पोलादी जिल्हा

आज आम्ही तुम्हाला दूरच्या एका जिल्ह्यात नेणार आहोत. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या वायव्य टोकाला, शिकागो शहराशेजारी लेक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखीच. उत्तरेला मिशिगन सरोवर. पाणी गोडं, पण पलीकडचा काठ दिसत नाही एवढं मोठं. दक्षिणेला मका आणि सोयाबीनची शेतं.

पाणी, बोटी आणि रेल्वे हाताशी, म्हणून इथे कारखाने आले. 1889 मध्ये व्हायटिंगला तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. 1906 मध्ये एका पोलाद कंपनीने वाळूच्या टेकड्या सपाट करून गॅरी हे शहरच वसवलं. मिनेसोटाचं लोहखनिज बोटीने यायचं, कोळसा रेल्वेने. पोलंड, सर्बिया, मेक्सिकोहून आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातून कृष्णवर्णीय कुटुंबं पोटासाठी इथे आली. 1960 मध्ये गॅरीची वस्ती पावणेदोन लाखांच्या वर होती. पुढे यंत्रं वाढली, बाहेरचं पोलाद आलं, कामगार कमी झाले. 2020 च्या जनगणनेत सत्तर हजारही माणसं भरली नाहीत.

कारखाना जातो, पण मागे काय ठेवून जातो? शेजारच्या ईस्ट शिकागोत शिशाच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर 1970 च्या दशकात गरिबांसाठी घरं बांधली. अंगणात मुलं खेळली. 2009 मध्ये हा भाग सरकारच्या प्रदूषित जागांच्या यादीत आला. तरी घरं सोडा असं सांगायला 2016 साल उजाडलं. हजारावर रहिवाशांना, त्यात शेकडो मुलांना, बिऱ्हाड हलवावं लागलं. शिसं डोळ्यांना दिसत नाही. रांगतं मूल मातीचे हात तोंडात घालतं, तेव्हा ते पोटात जातं आणि मेंदूच्या वाढीला बाधा आणतं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. घरकुलाला, अंगणवाडीला किंवा परसबागेला जागा मिळाली, की आधी विचारा, इथे पूर्वी काय होतं? भट्टी, बॅटरी फोडण्याचं काम की रसायनांचा साठा? गावातल्या जुन्या माणसांना विचारा, ग्रामसभेत विषय मांडा. शेतीच्या नेहमीच्या माती परीक्षणात शिसं तपासत नाहीत, त्याची तपासणी वेगळी मागावी लागते. जागा फुकट मिळाली तरी हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.