भट्टी विझली, शिसे राहिले
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपण कोरडवाहू माणसे. माती कशी ओळखावी हे आपल्याला कोणी शिकवायला नको. चोपण जमीन दिसते, खार फुटलेला दिसतो, बांध वाहून गेलेला दिसतो. पण आज ज्या बिघाडाबद्दल बोलायचे आहे तो डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही.

आफ्रिकेत झांबिया देशात काब्वे नावाचे शहर आहे. वस्ती दोन लाखांच्या वर. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे शिसे आणि जस्ताची खाण सुरू झाली, शेजारी भट्ट्या पेटल्या. १९९४ साली खाण बंद पडली. मालक गेले, धूर थांबला. पण धुराबरोबर वस्तीवर पडलेले शिसे मातीत राहिले ते राहिलेच. पाऊसकाळ सरला की आपल्यासारखीच तिथेही धूळ उडते. पोरे अंगणात खेळतात, मातीचे हात तोंडात जातात. खाणीजवळच्या वस्त्यांतील मुलांच्या रक्ततपासणीचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम शिसे ही धोक्याची खूण. तपासलेल्या मुलांपैकी एकही त्या खुणेच्या आत नव्हते. परसातल्या कोंबड्यांच्या अंगातही शिसे निघाले. शिशाने पोराची वाढ खुंटते, बुद्धी मंदावते. गेलेली बुद्धी औषधाने परत येत नाही.

कोणी म्हणेल, काळ गेला की माती आपोआप सुधारेल. शेणखत कुजते, पाचट कुजते. धातू कुजत नाही. आपली काळी माती चिकण आणि चुनखडीची. ती शिशाला घट्ट धरून ठेवते. त्यामुळे ते पिकात कमी चढते हे खरे. पण ते वरच्या वीतभर थरातून हलतही नाही, आणि आपला वखर चालतो तो त्याच थरात.

शिसे आणि जस्त बाजारात विकले गेले तेव्हा त्या भावात मातीचा खर्च कोणी धरला नव्हता. न धरलेला खर्च नाहीसा होत नाही, दुसऱ्याच्या अंगावर पडतो. कापूस पिकवणाऱ्याला हे गणित समजावून सांगायची गरज नाही.

हा भार परत टाकता येतो का? जपानमध्ये तोयामाच्या भातशेतकऱ्यांनी तो काही अंशी तरी टाकून दाखवला. जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची खाण. तिचे कॅडमियम पाण्यातून भातखाचरांत उतरले. माणसांची, त्यातही बायकांची, हाडे ठिसूळ झाली. 'दुखते, दुखते' या अर्थाचे 'इताई-इताई' हेच रोगाचे नाव पडले. १९६८ साली सरकारने कारण मान्य केले, १९७२ साली वरच्या कोर्टातही लोक जिंकले. गावकऱ्यांनी तज्ज्ञ घेऊन खाणीची तपासणी करावी आणि खर्च कंपनीने द्यावा, असा करार त्यांनी लिहून घेतला. तरीही सुमारे ८६० हेक्टरांची माती दुरुस्त व्हायला २०१२ साल उजाडले. कोर्टात जिंकल्यानंतरची ही चाळीस वर्षे.

आता आपल्या घरचे पाहू. २०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. त्यात शिसे नाही, कॅडमियम नाही, क्रोमियम नाही. पत्रिका चांगली आली म्हणजे माती निर्धोक, असे समजू नका.

म्हणून तीन गोष्टी ठरवू. शहरी कचऱ्याचे खत घेताना तपासणीचा कागद मागायचा. खत नियंत्रण आदेशात किलोमागे शिशाची मर्यादा १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ५ आहे. कारखान्याचा गाळ किंवा राख कोणी फुकट आणून टाकतो म्हणाला तर शेतात उतरवू द्यायची नाही. आणि तालुक्यात धातूची भट्टी येणार असे कळले की ती पेटण्याआधी गावाने वर्गणी काढून मातीचे नमुने तपासून घ्यायचे, तारखेचा कागद जपून ठेवायचा.

तो कागद नसेल तर उद्या कोर्टात समोरच्याला एकच वाक्य पुरते: 'यांची माती आधीपासूनच अशी होती.'