डॉ. मोतीचंद्र : पोथ्या, वस्त्रे आणि व्यापारी मार्ग



मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालय, म्हणजेच १९९८ पासूनचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ साली जनतेसाठी खुले झाले. या संस्थेला विद्येचे अधिष्ठान मिळवून देणाऱ्यांमध्ये डॉ. मोतीचंद्र यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांचा जन्म १९०९ मध्ये काशी येथे, भारतेंदु हरिश्चंद्रांच्या घराण्यात झाला. लंडन येथे डॉक्टरेट संपादन करून ते मुंबईस आले, प्रथम कला विभागाचे प्रमुख झाले आणि पुढे संचालकपदी आरूढ झाले.

राजवंशांच्या नामावळीपेक्षा सामान्य माणसाने काय नेसले, काय विकले, कोणत्या वाटेने प्रवास केला, याचे त्यांना अधिक कुतूहल होते. प्राचीन भारतीय वेशभूषेवरील त्यांच्या ग्रंथात अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि मातीच्या मूर्ती साक्षीदार म्हणून उभ्या राहतात. १९५३ मध्ये पाटण्याहून प्रसिद्ध झालेला ‘सार्थवाह’ हा हिंदी ग्रंथ तर व्यापारी तांड्यांचाच इतिहास होय. जातककथा, जैन भाष्ये आणि ग्रीक नाविकांचे वृत्तांत यांचा मेळ घालून त्यांनी मध्य आशियापासून सुवर्णभूमीपर्यंतचे मार्ग शोधले. सोपारा, कल्याण, पैठण, तेर ही आपली स्थळे त्या विशाल जाळ्यातील गाठी होती. नाणेघाट चढणाऱ्या शालेय सहलींसोबत हा ग्रंथ असावयास हवा. दुर्दैवाने तो फारसा दिसत नाही.

त्यांच्या कार्याचा खरा कस लागला तो चित्रकलेच्या कालनिर्णयात. ठळक रेषांच्या, तेजस्वी रंगांच्या काही उत्तर भारतीय चित्रांचा काळ कोणता, यावर विद्वानांत तीव्र मतभेद होते. ही शैली मोगलांच्या आगमनापूर्वीची की नंतरची? मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहातील महाभारताच्या आरण्यकपर्वाच्या सचित्र पोथीने या वादात निर्णायक साक्ष दिली. पोथीच्या समाप्तिलेखात काळ नोंदविलेला होता. तो इसवी सन १५१६ चा, म्हणजे पानिपतच्या पहिल्या लढाईच्या दहा वर्षे आधीचा ठरतो. त्या काळी दिल्लीच्या तख्तावर सिकंदर लोदी होता. मोगल चित्रशाळा स्थापन होण्यापूर्वीच ही शैली नांदत होती, हे त्यावरून स्पष्ट झाले. कार्ल खंडालावाला या कायदेपंडित कलासमीक्षकासमवेत मोतीचंद्रांनी या पोथीवर लिहिलेला ग्रंथ १९७४ मध्ये प्रकाशित झाला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या पोथीचे अखेरचे पान कोणी सुटे करून विकले असते, तर चित्रे राहिली असती, पण साक्ष नष्ट झाली असती. गावोगावच्या मठांत, मंदिरांत आणि जुन्या वाड्यांत आजही रुमालात बांधलेल्या पोथ्या आहेत. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेले पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावस्तू ठरते, आणि परवान्यावाचून पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही. अशी पोथी आढळल्यास तिची पाने सुटी न करता, आहे त्या क्रमाने आणि आहे त्याच वेष्टनासह ठेवावीत व पुरातत्त्व खात्याच्या नजीकच्या कार्यालयास कळवावे.