दुष्काळात टिकणारी डाळ



आज आम्ही एका गरीब डाळीविषयी बोलणार आहोत. नागपूरच्या पूर्वेस भंडारा-गोंदियाकडे धान कापण्यापूर्वीच ओल्या बांधीत लाखोळीचे बी फेकतात. तिला नांगरट नको, खत नको, पाणी नको. धानामागे उरलेल्या ओलीवर ती वाढते. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे २८ ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय जमिनीला नत्र मिळते. मग अशा गुणी पिकावर एवढा रोष का?

त्याचे उत्तर आपल्या उत्तरेकडील सागर-नर्मदा मुलखात मिळते. तेथील हकीकत स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. १८२९ साली गारांनी गहू झोडपला, १८३० साली पावसाने दगा दिला, १८३१ साली रोगाने पीक नेले. तगली ती हीच डाळ. लोकांनी तिच्यावरच दिवस काढले, आणि १८३३ साली तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. आपल्या जुन्या वैद्यकात या विकाराला कलायखंज असे नाव आहे.

दोष दाण्यातील ओडॅप या द्रव्याचा. इतर धान्याबरोबर थोडी डाळ खाल्ली तर सहसा बाधत नाही. महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झाले, की पाय जातात आणि बहुधा परत येत नाहीत. त्यातही दैवदुर्विलास असा, की पाण्याचा ताण पडला म्हणजे दाण्यातील ओडॅप वाढते. ज्या वर्षी गरिबाला हिच्यावाचून गती नाही, त्याच वर्षी ती अधिक विषारी!

१९६१ साली अन्नभेसळीच्या कायद्याखाली तिच्या विक्रीवर बंदीचा नियम झाला. हेतू चांगलाच होता. पण ज्याच्या बांधीत दुसरे काही येत नाही, त्याच्या ताटातली डाळ नियमाने कशी हलावी?

दुसरा मार्ग वाण सुधारण्याचा. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने ‘रतन’ आणि रायपूरच्या कृषि विद्यापीठाने ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ हे वाण काढले. त्यांत ओडॅप एक दशांश टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले, तर आणखी बरेच निघून जाते.

एवढ्याने काम संपले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मधमाश्या शेजारच्या जुन्या वाणाचा पराग नव्यावर आणतात. शेतकरी घरचेच बी राखतो, आणि दाणा पाहून विष ओळखता येत नाही. म्हणून शुद्ध बी गावोगाव, वरचेवर पोचले पाहिजे. कोरडवाहू वर्षी त्या दाण्याची तपासणी झाली पाहिजे.

पीक दुष्काळात तगते का, एवढेच विचारून भागत नाही. दुष्काळात ते रोज, दोन्ही वेळा खाणाऱ्याचे काय होईल, हेही त्याच वेळी विचारावे लागते. सागरकडच्या त्या तरुणांसाठी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आपण तो विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.