संसाराचे मोह व संत गोन्सालो गार्सिया
(ज्युबिलीप्रसंगीं केलेलें भाषण)



गेल्या पिढ्यांनीं जतन केलेल्या श्रद्धेबद्दल आज आपण परमेश्वराचे आभार मानीत आहों. अशा मंगल दिवशीं मोहाचा विषय काढणें कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु बाप्तिस्म्याच्या वेळीं आपल्या वतीनें जें वचन दिलें गेलें, तें सैतानाचा व त्याच्या डामडौलाचा त्याग करण्याचें होतें. तें आपण किती पाळलें, हें पाहण्यास आजच्याहून योग्य दिवस कोणता?

मोह आपल्या दारीं उघड पापाच्या रूपानें क्वचितच येतो. तो गरजेचें वस्त्र पांघरून येतो. "मुलीचें लग्न आहे, चार लोक काय म्हणतील?" असें तो म्हणतो. "शेजाऱ्यानें मजला चढविला, आपणच कां मागें राहावें?" असें तो विचारतो. धन, घरदार, सुख हीं स्वतः वाईट नव्हेत; तीं ईश्वराची देणगी होत. प्रश्न एवढाच कीं, त्यांचे धनी आपण, कीं तींच आपले धनी? याची खूण सोपी आहे. जी वस्तु सोडावयास सांगितली असतां मन चडफडतें, तीच आपली धनीण होय.

याचा दाखला शोधण्यास रोमला जावयास नको; वसईची खाडी ओलांडली म्हणजे पुरे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास वसई येथें झाला. येशूसंघीय धर्मगुरूंजवळ ते शिकले व त्यांच्याबरोबर तरुणपणीं जपानास गेले. तेथील भाषा त्यांनीं आत्मसात केली व कांहीं वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. पुढें ते व्यापारांत शिरले. व्यापार भरभराटीस आला, गांठीं पैसा जमला, ओळखी वाढल्या. आतां या माणसास काय उणें, असेंच कोणीही म्हटलें असतें. पण त्याच भरभराटीच्या काळीं त्यांनीं व्यापार आवरला आणि मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साध्या बंधूचा वेष घेतला. दिवाळें निघाल्यावर वैराग्य आठवणारे पुष्कळ. तराजू भरलेला असतां उठून जाणारा विरळा.

1593 सालीं संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत दुभाषी म्हणून ते पुन्हां जपानांत आले. क्योतो येथें या बंधूंनीं गोरगरिबांची व कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. 1596 सालीं सान फेलिपे नांवाचें मालानें भरलेलें स्पॅनिश जहाज त्या देशाच्या किनाऱ्यावर फुटलें. सत्ताधीश हिदेयोशी यानें माल जप्त केला, आणि त्यानंतर लवकरच या बंधूंस पकडण्याचा हुकूम सुटला. डाव्या कानाचा तुकडा कापून, भर हिवाळ्यांत सुमारें एक महिना चालवीत, त्यांस नागासाकीस नेण्यांत आलें. 5 फेब्रुवारी 1597 रोजीं एकंदर 26 जणांस क्रुसावर देऊन भाल्यांनीं मारण्यांत आलें. 8 जून 1862 रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें.

बंधूंनो, क्रुसावरील तें धैर्य एका दिवसांत आलेलें नव्हतें. ज्यानें आधीं थैली सोडली होती, त्यास पुढें प्राण सोडणें जमलें.

आतां आपल्या अंगणाकडे पाहूं. साष्टींतील आपले पूर्वज भातशेती, वाड्या व मासेमारी यांवर जगले. 1853 सालीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी सुरू झाली. 1950 सालीं अंधेरी व घाटकोपर, आणि 1957 सालीं बोरिवली व मुलुंड मुंबईच्या हद्दींत आलीं. ज्या शेताची किंमत भाताच्या खंडींवर ठरत असे, ती चौरस फुटांवर ठरूं लागली. जमीन विकणें पाप नव्हे. पण त्या पैशापायीं भाऊ भावाविरुद्ध कोर्टांत उभा राहिला, शेताची सारी रक्कम एका लग्नाच्या मांडवांत व दारूंत संपली, वृद्ध आईबापांस पुसणारें कोणी उरलें नाहीं, अशीं घरें आपणां सर्वांस ठाऊक आहेत. शेत गेलें याचें दुःख थोडें. घर गेलें याचें मोठें.

यावर उपाय एकच: सोडण्याची संवय. ती उपवासकाळापुरती ठेवूं नये. दर शुक्रवारीं एखादी आवडती वस्तु वर्ज्य करून तिचें मोल गरजू घरीं पोंचवावें. लग्नाचा खर्च घरांतील सर्वांनीं आधीं बसून ठरवावा. अंथरूण पाहून पाय पसरावे, कर्ज काढून मांडव सजवूं नये. वाटणीचा तंटा असेल, तर वकिलाच्या पायरीपूर्वीं वेदीच्या पायरीशीं दोघां भावांनीं एकत्र गुडघे टेकावे. आणि रात्रीं रोझरीच्या वेळीं लहानथोरांनीं हातांतला मोबाईल बाजूस ठेवावा. या गोष्टी क्षुल्लक दिसतील. पण जो लहान गोष्ट सोडूं शकत नाहीं, त्याच्या हातून मोठी कशी सुटणार?

जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाप्रमाणें ज्युबिली म्हणजे पन्नासावें वर्ष. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जाई व दास मुक्त होत. कारण भूमि परमेश्वराची, आपण तिजवर पाहुणे. आपलीं विकलेलीं शेतें आज परत येणार नाहींत. पण दुरावलेला भाऊ परत येऊं शकतो, आणि मोहाचा दास झालेलें मन मुक्त होऊं शकतें. तशी ज्युबिली आपल्या प्रत्येक घरांत साजरी व्हावी, यासाठीं आपल्या शेजारच्या भूमींतील हे संत देवाजवळ आपणांकरितां मध्यस्थी करोत.