उजवीकडून घातलेली घडी



जुने नाव काढून नवे घालावयाचे, एवढ्याशा कामात विचार तो काय करावयाचा, असे कोणासही वाटेल. परंतु अर्थ न बदलता नाव बदलणे दिसते तितके सोपे नसते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

उदाहरण स्काला या संगणकभाषेचे घेऊ. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे मार्टिन ओडर्स्की यांनी २००१ साली तिची आखणी आरंभिली. यादीतील आकडे एकामागून एक घेऊन त्यांचे एकच उत्तर काढावयाचे, या क्रियेस आपण घडी म्हणू. घडी डावीकडून घालता येते, तशीच उजवीकडूनही. उजव्या घडीसाठी स्कालात एक खूण होती : अपूर्णविराम आणि त्यापुढे उलटी तिरकी रेघ. लिहिणाऱ्यास ती सोयीची, वाचणाऱ्यास मात्र कोडे. २०१९ साली २.१३ या आवृत्तीत ती त्याज्य ठरली. तिच्या जागी 'फोल्डराइट' लिहा, असे कंपायलर बजावतो.

आम्ही मात्र घाईने 'फोल्डलेफ्ट' लिहिले. लांब यादीवर उजवी घडी संगणकास पेलत नाही, असे आम्ही ऐकून होतो. बेरीज करून पडताळा घेतला, तो जुळला. दोहोंकडे आकडेच असल्याने कंपायलरनेही हूं की चूं केले नाही. चूक पुढे दुसऱ्याच्याच ध्यानात आली.

ती कशी, ते पाहा. १०, ४, ३ ही यादी घ्या, आरंभी शून्य धरा आणि वजाबाकी करा. उजवीकडून ३ मधून ० गेले, राहिले ३. ४ मधून ते ३ गेले, राहिला १. १० मधून तो १ गेला, उत्तर ९. डावीकडून शून्यातून क्रमाने १०, ४ आणि ३ वजा केले की उत्तर येते उणे १७. बेरीज मात्र कोठूनही केली तरी १७च. म्हणून आमचा पडताळा फसवा ठरला.

आमची भीतीही अनाठायी होती. स्कालाची 'लिस्ट' उजव्या घडीसाठी आधी स्वतःस उलटी करते आणि मग एकेक आकडा घेते. डावी घडीच हवी असेल, तर आपणही यादी उलटावी आणि क्रियेतील दोन पदांची अदलाबदल करावी. दोहोंपैकी एकच केले तर उत्तर चुकू शकते.

तेव्हा जुनी खूण अवश्य काढावी, पण 'फोल्डराइट'च लिहावे, आणि पडताळा वजाबाकीने घ्यावा.