आपापल्या घरासमोरील भिंत



पाळक, मंडळ्यांचे वडील आणि मराठी ख्रिस्ती साहित्याचे लेखक-वाचक यांच्या या परिषदेचे अध्यक्षस्थान आपण मला दिलेत. माझे आयुष्य नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांची सेवा करण्यात गेले. म्हणून ज्या विषयाचा भार मी स्वतः वाहिला आहे त्याच विषयावर, म्हणजे ओसरत चाललेल्या मंडळीचे पुनरुज्जीवन आणि त्या कामी पुढारीपण करणाऱ्याचे कर्तव्य यांवर, बोलणे मला उचित वाटते.

पाळक म्हणून मी ज्या गावी प्रथम रुजू झालो, तेथील मंदिर दगडी बांधणीचे, दोनशे माणसे सहज बसतील इतके ऐसपैस होते. आणि पहिल्या रविवारी घंटा झाल्यावर त्यात अकरा माणसे आली, त्यांतील आठ वृद्ध स्त्रिया होत्या. त्याच संध्याकाळी मंडळीचे दप्तर माझ्या हवाली करण्यात आले. त्यात जागेचा सातबारा होता, कुंपणाच्या कज्ज्याचे कागद होते, भाडेकरूंशी झालेला पत्रव्यवहार कालक्रमाने लावलेला होता; परंतु सभासदांच्या नोंदवहीतील शेवटची नोंद नऊ वर्षांपूर्वीची होती. कोण वारले, कोण पुण्याला गेले, कोणाच्या लेकराचा बाप्तिस्मा राहून गेला, याविषयी एक ओळही कोणी लिहिलेली नव्हती. आपल्या पूर्वजांनी ख्रिस्ताच्या अनुयायांच्या समुदायाला ‘मंडळी’ हा किती घरगुती शब्द योजिला! पंगतीला बसते ती मंडळी, अंगणात जमते ती मंडळी. तो शब्द माणसांचा आहे; आणि माणसांची वही बंद पडून जमिनीचीच तेवढी उघडी राहते, तेव्हा ऱ्हासाला आरंभ होतो, असे त्या रात्री माझ्या मनाने घेतले, ते आजतागायत पालटलेले नाही.

ऱ्हासाची कारणे इतिहासात शोधली पाहिजेत. 1813 साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे अहमदनगरला झाले. 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. पुढे हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे देशी पाळक उभे राहिले आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाच्या द्वारे शुभवर्तमान गावच्या पारावर नेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत महार-मांग समाजांतील सहस्रावधी कुटुंबे मंडळीच्या आश्रयास आली. त्यांना शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, माणूस म्हणून ताठ उभे राहण्याचे बळ मिळाले, आणि ते ऋण कृतघ्नपणे नाकारण्याचे पाप माझ्या हातून घडू नये. परंतु जिथे पाळकाचा पगार, शाळेचा खर्च आणि छपराची डागडुजी ही सर्व तजवीज दूरदेशीच्या वर्गणीतून होत राहिली, तिथे मिशन हे मायबाप सरकार ठरले आणि सभासद हा रयत ठरला; पुढे ती मदत आटली तेव्हा स्वतःच्या खांद्यावर भार घेण्याची सवय फार थोड्यांना उरली होती. पाठोपाठ पावसाने दगा दिला आणि शिकलेली मुले मुंबई-पुण्याच्या वाटेला लागली. त्यातच 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माच्या अटीने बांधल्या. ती अट 1956 मध्ये शिखांसाठी व 1990 मध्ये बौद्धांसाठी सैल झाली, ख्रिस्ती दलितांसाठी मात्र झाली नाही. त्यामुळे कित्येक घरांत अंतःकरणातील श्रद्धा आणि कागदावरील नोंद यांची फारकत झाली. अशा घरांकडे बोट दाखविणे सोपे आहे. त्यांच्या ओसरीवर जाऊन बसणे हेच पाळकाचे काम आहे.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. ते ऐक्य मोठ्या प्रार्थनेचे फळ होते. तथापि कारभाराची रचना वरून कितीही सुबक झाली, तरी खेड्यातील रिकामा बाक तिच्यामुळे भरत नाही. तो भरण्याचे काम तळापासून, एकेका घरापासून करावे लागते.

या कामी मला बायबलातील नहेम्याइतका भरवशाचा गुरू दुसरा भेटला नाही. पारसाच्या राजाचा हा प्याला देणारा सेवक यरुशलेमेस आला, तो तीन दिवस गप्प राहिला आणि रात्रीच्या अंधारात, मोजकी माणसे बरोबर घेऊन, पडलेल्या तटाची त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहणी केली. योजना त्याने नंतर बोलून दाखविली. पुढे त्याच्या ग्रंथात नावांची जी लांबलचक यादी येते आणि जी आपण उपासनेत बहुधा गाळतो, तिच्यातच सर्व मर्म साठविलेले आहे. तिथे सोनार आहेत, गांधी आहेत, व्यापारी आहेत, शल्लूमाच्या मुलीही आहेत. तकोवाच्या सरदारांनी मान जुवाखाली दिली नाही, हेही निर्भीडपणे नमूद केले आहे. आणि पुष्कळांनी जो भाग बांधला तो त्यांच्या त्यांच्या घरासमोरचा होता. सगळा तट बांधा असे सांगितले असते तर माणसे खचली असती. आपल्या उंबरठ्यासमोरचे खिंडार मात्र ज्याला त्याला दिसत होते. बावन्न दिवसांत काम पुरे झाले. आणि मध्येच गरिबांची शेते सावकारांकडे गहाण पडल्याचे कळताच नहेम्याने आपल्याच प्रतिष्ठितांना भर सभेत जाब विचारला, व सुभेदाराच्या हक्काचा भत्ता स्वतः बारा वर्षे घेतला नाही. पुढाऱ्याच्या शब्दाला वजन येते ते अशा त्यागाने.

हाच न्याय आपल्या मंडळ्यांना लावून पाहू. पुढाऱ्याने आल्या आल्या नवा रंग, नवे ध्वनिक्षेपक, नवी समिती यांच्या मागे लागू नये. निदान एक वर्ष त्याने घरे पाहावीत, ऐकावे, आणि जुन्या जखमा कोणत्या हे समजून घ्यावे. दानार्पणाचा जमाखर्च त्याने दर महिन्याला मंदिराच्या दाराशी लावावा. कारण संशय हा मंडळीला लागलेला वाळवीसारखा रोग आहे, आणि उघडा हिशेब हे त्यावरचे औषध आहे. मालमत्तेचे तंटे विश्वस्तांनी मिटवावेत, परंतु ते मंदिराच्या व्यासपीठावर येऊ देऊ नयेत. भाषेविषयी तर मी आग्रहाने सांगतो: मुले इंग्रजी शाळेत जातात म्हणून त्यांच्यासाठी इंग्रजी उपासना अवश्य असावी, पण ज्या ओवी-अभंगांच्या चालींवर त्यांची आजी प्रार्थना शिकली, त्या चाली त्यांच्या कानावरून गेल्या नाहीत तर घर आणि मंदिर यांना जोडणारा धागाच तुटेल. नारायण वामन टिळकांनी आपली गीते मराठी मातीच्या सुरात बांधली, म्हणून ती खुरपणी करणाऱ्या बाईलाही पाठ झाली. त्याच टिळकांनी 1917 मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही शिष्यांना त्यात स्थान दिले. त्या मोठ्या मनाची आज आपल्याला फार गरज आहे.

पुनरुज्जीवन या शब्दाचा अर्थ महाराष्ट्राने केडगावच्या मुक्तिसदनात प्रत्यक्ष पाहिला आहे. 1905 साली पंडिता रमाबाईंच्या भोवती जमलेल्या स्त्रियांचा छोटासा प्रार्थनासमूह वाढत वाढत शेकड्यांवर गेला आणि त्या जागृतीचा बोलबाला सातासमुद्रापार झाला. त्यांतील कित्येक जणी कोण होत्या? दुष्काळातून उचलून आणलेल्या, घरादाराने टाकलेल्या मुली! ज्यांची गणना कोणीच करीत नव्हते, त्यांची नावे रमाबाईंना ठाऊक होती. आणि हे लक्षात घ्या, की तिथे प्रार्थनेच्या शेजारीच शेती होती, विहिरी होत्या, विणकाम होते, छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून सोप्या मराठीत केलेले बायबल त्यांच्या पश्चात 1924 मध्ये प्रसिद्ध झाले, ते त्याच परिश्रमांचे फळ होय. आध्यात्मिक जागृती आणि हातांचे काम यांची त्यांनी कधी ताटातूट केली नाही.

आता त्या माझ्या पहिल्या गावाकडे परत वळतो. नोंदवही कोरी, माहिती देणारा कोणी नाही, अशा विवंचनेत मी असताना त्या आठ वृद्ध स्त्रियांपैकी एकीने सहज विचारले, ‘पाळकसाहेब, नावं पायजेत व्हय? बसा मग.’ तीन संध्याकाळी त्या आठजणी मंदिराच्या पायरीवर बसून सांगत होत्या आणि मी लिहीत होतो: कोणाचे घर, कोणाची सून, कोणाचा नातू कोठे नोकरीला, कोण कोणावर रुसून यायचे थांबले. चौसष्ट घरे निघाली. मी ज्यांना मावळतीला लागलेल्या मंडळीचे अवशेष समजत होतो, त्याच त्या मंडळीचे जिवंत दप्तर होत्या. नऊ वर्षे कागदाने जे टाकून दिले होते ते त्यांनी रोजच्या प्रार्थनेत नावानिशी सांभाळले होते. पुढे प्रत्येकीने आपल्या आळीतली घरे वाटून घेतली. जो काही तट तिथे उभा राहिला, त्याचा पहिला दगड त्यांनी बसविला.

म्हणून माझे मागणे लहान आहे. आपापल्या गावी परत गेल्यावर सभासदांची वही उघडा. आणि ती कोरी असेल, तर मंदिरात सर्वांत आधी येऊन बसणाऱ्या वृद्धेजवळ जा, पायरीवर तिच्या शेजारी बसा आणि लेखणी काढा. प्रभू आपल्या श्रमांना यश देवो.