प्रत पोचली का?

माझ्या तीस वर्षांच्या कविता आता संगणकात आहेत. आमच्या रहिमतपुरात पावसाळ्यात वीज जाते-येते, म्हणून पुतण्याने एक सोय करून दिली. रोज रात्री दोन वाजता सगळ्या कवितांची प्रत, म्हणजे बॅकअप, माडीवरच्या संगणकात आपोआप जायची. मी निर्धास्त झालो.

एके दिवशी नवी गझल चुकून पुसली गेली. माडीवर पाहिलं, तर प्रत तीन आठवड्यांपूर्वीच थांबलेली! 'जोडणी झाली नाही' असा निरोप रोज येत होता. मी तो न वाचताच बंद करत होतो.

पुतण्याने क्रमाने तपासलं. केबल घट्ट, राउटरचे दिवे चालू, माडीवरचा संगणकही सुरू. मग 'पिंग' केलं, म्हणजे नेहमीच्या पत्त्यावर हाक मारली. उत्तर नाही. वीज गेल्यावर राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता आणि त्याने माडीवरच्या संगणकाला नवा आयपी पत्ता दिला होता. बॅकअप मात्र जुन्याच दारावर थाप मारत होता. पुतण्याने राउटरमध्ये त्या संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवला. प्रत पुन्हा जाऊ लागली.

गझलेचे सात शेर होते. पाच आठवले, दोन गेले. तुकोबांची गाथा लोकांच्या मुखी होती म्हणून तरली, असं आपण म्हणतो. माझी गझल कुणाच्या मुखी असणार?

आता दर शुक्रवारी मी माडीवर जातो, एक कविता उघडतो आणि शेवटपर्यंत वाचतो. वाचता आली, तरच प्रत पोचली म्हणायची.